पितळ, निकेल आणि दर: गोव्यातल्या कुंडईच्या कारखान्यातील प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४

प्रकल्प: बाथरूमच्या धातूच्या साहित्याची निर्यातीसाठी नवी मालिका. सध्या चार नग: ६०० मिमीचा टॉवेल रॉड, कपड्यांचा हूक, टॉयलेट पेपरचा होल्डर, साबणदाणी. फिनिश तीन: क्रोम, ब्रश केलेलं सोनेरी, अँटिक पितळ. ग्राहक नेदरलँड्सचा घाऊक व्यापारी. मशीन आणि उत्पादन भाऊ बघणार. खरेदी, चाचण्या आणि दर माझ्याकडे.

ग्राहकाने एक क्रोमचा सेट नमुन्यादाखल पाठवलाय. ‘याच दर्जाचा माल हवा’ असं लिहून टॉवेल रॉडचा अपेक्षित दर दिलाय एफओबी (म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा) साडेपाच युरो. पत्रकावर माल भरीव पितळेचा म्हटलाय. भावाने ब्रॅकेट हातात घेतला आणि लगेच म्हणाला, ‘ताई, हे हलकं आहे.’ वजन ९७ ग्रॅम. मोजपात्रातल्या पाण्यात बुडवला तर साडेचौदा मिलिलिटर पाणी वर आलं. म्हणजे घनता साधारण ६.७. पितळेची ८.४ च्या आसपास हवी. हा झमाक, म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू. रॉडला चुंबक चिकटला. रॉडचं टोक कानशीने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलंय.

१३ जून

टोकाला तांबूस गंज. पाइप साध्या लोखंडाचा आहे.

साडेपाच युरो हा झमाक आणि लोखंडाचा दर आहे, पितळेचा नाही. ग्राहकाला आज तसंच कळवलं, मोजमापं आणि फोटोंसह. आपला दर कमी-जास्त कसाही ठरो, तो कोणत्या धातूचा आणि कोणत्या थराचा आहे हे कागदावर असल्याशिवाय पाठवायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

१८ जून

धातूची निवड. झमाकला नावं ठेवायची नाहीत. तो चारशे अंशांच्या खालीच वितळतो, डायमध्ये, म्हणजे साच्यात, बारीक नक्षीही स्वच्छ उतरते, ओतल्यावर मशीनिंग फार लागत नाही आणि वजनही कमी. दहा हजार नगांची ऑर्डर असेल तर त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. अडचण दमट हवेत येते. मुलाम्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी आतलं जस्त खाल्लं जातं आणि वर फोड येतात. किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत असे फोड आलेले हूक गोव्यात कुणीही पाहिले असतील. शिवाय डायचा खर्च तीन लाखांच्या घरात. आपल्या पहिल्या ऑर्डरला तो पेलणार नाही.

स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये यावर दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत फरक त्यानेच पडतो. समुद्राजवळ ३०४ वर चहाच्या डागासारखे तपकिरी डाग येतात, विशेषतः पृष्ठभाग खरबरीत ब्रश केला असेल तर. बाजारात २०२ सुद्धा स्टेनलेस म्हणून विकलं जातं. त्यात निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं, आणि चुंबकाने ते ओळखता येत नाही कारण ३०४ प्रमाणेच तेही चिकटत नाही.

निर्णय: पहिली मालिका पूर्ण पितळेत. ब्रॅकेट जामनगरच्या भरीव पितळी रॉडमधून कापून सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर. आपल्याकडचा आयएस ३१९ मानकाचा रॉड युरोपातल्या सीडब्ल्यू ६१४ एन या पितळेच्या प्रतीला जवळचा: तांबं ५७ ते ५९ टक्के, शिसं अडीच ते साडेतीन टक्के, बाकी जस्त. शिशामुळेच चुरा बारीक तुटतो आणि मशीन वेगाने चालतं. हेच शिसं २०१८ पासून युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे. ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर खरेदीदाराला कळवावं लागतं. त्याने विचारण्याची वाट न पाहता आपण तपशीलपत्रावर पहिल्याच पानावर लिहू.

१ जुलै

ग्राहकाचं उत्तर आलं. तो पितळेचा दर ऐकायला तयार आहे. शिवाय बेसिनचा नळही बघा म्हणतो.

नळ आत्ता घ्यायचा नाही. टॉवेल रॉडला पाणी बाहेरून लागतं, नळातून पिण्याचं पाणी जातं. तिथे शिशाचे नियम वेगळेच. अमेरिकेत २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागावर शिशाची भारित सरासरी ०.२५ टक्क्यांच्या आत लागते. युरोपात आजवर प्रत्येक देशाची वेगळी मान्यता होती आणि ३१ डिसेंबर २०२६ पासून सगळ्यांना एकच स्वच्छता-निकष लागू व्हायचा आहे. आज जुनी मान्यता मिळवण्यावर पैसे घालायचे आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा नवी घ्यायची, हे लहान कारखान्याला परवडत नाही. सीमाशुल्काचा वर्गही बदलतो: नळ ८४८१ मध्ये, पितळेचं सॅनिटरी साहित्य ७४१८ मध्ये.

२४ जुलै

कालच्या अर्थसंकल्पात निकेल कॅथोडवरचं शून्य आयात शुल्क आणि तांब्याच्या भंगारावरचं अडीच टक्के शुल्क तसंच ठेवलं. आपल्या कच्च्या मालाच्या दरात यामुळे फरक नाही.

निकेलवरून एक आठवण इथे लिहून ठेवते. देशात निकेल तयार करणारा कारखाना आपल्याच गोव्यात, कुंकळ्ळीला आहे. वेदांताने तो डिसेंबर २०२१ मध्ये घेतला. आणि आपण मात्र निकेलचा मुलामा चढवायला माल वसईला पाठवतो, कारण प्लेटिंग प्रदूषणाच्या लाल वर्गात येतं आणि सांडपाण्याची प्रक्रिया-यंत्रणा एकट्या लहान कारखान्याला झेपत नाही.

६ ऑगस्ट

वसईहून परतले. ही नोंद सविस्तर, कारण सगळ्या दराची किल्ली इथे आहे.

पहिला लॉट ज्यांच्याकडे दिला होता त्यांनी दहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) निकेल सांगितलं होतं. बिलावर फक्त ‘निकेल-क्रोम’. माल आरशासारखा चकाकत होता. एक्सआरएफ यंत्रावर, म्हणजे क्ष-किरणांनी, थराची जाडी मोजून घेतली: रॉडच्या मध्यावर पाच, ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात जेमतेम दोन. क्रोमचा थर ०.२ मायक्रॉन, तो ठीक आहे. क्रोम एवढाच असतो. तो चमक आणि कडकपणा देतो, पण गंजापासून राखतं ते खालचं निकेल. डोळ्यांना पाच आणि दहा मायक्रॉनमध्ये काहीच फरक दिसत नाही.

मग हिशेब केला. टॉवेल रॉड आणि दोन ब्रॅकेट मिळून पृष्ठभाग साधारण ४८० चौरस सेंटिमीटर. दहा मायक्रॉनचा थर म्हणजे ०.४८ घन सेंटिमीटर निकेल, म्हणजे सव्वाचार ग्रॅम. किलोला पंधराशे रुपये धरले तरी साडेसहा रुपयांच्या आत. अर्धा थर दिला तर धातूत तीन रुपये वाचतात. आठशे रुपयांच्या नगात तीन रुपये!

खरी बचत टाकीतल्या वेळेची. चौरस डेसिमीटरला चार अँपिअर प्रवाह धरला तर मिनिटाला ०.८ मायक्रॉन चढतं. दहा मायक्रॉनला बारा-तेरा मिनिटं, पाचला सहा. वेळ अर्धा केला की त्याच टाकीतून दिवसाला जवळजवळ दुप्पट माल निघतो. प्लेटिंगवाला नगावर दर घेतो, तेव्हा त्याचा ओढा कुठे असणार हे उघड आहे. यात मी त्याला लबाड म्हणत नाही. आपणच जाडी लिहून मागत नाही, मोजत नाही आणि दर मात्र घासून घेतो.

म्हणून दुसऱ्या प्लेटिंगवाल्यांशी बोलणी केली. वयस्क गृहस्थ. मी कागद पुढे केला तर म्हणाले, ‘ताई, मायक्रॉन लिहून मागणारं गिऱ्हाईक वर्षात एखादंच येतं. तुम्ही वेळेचे पैसे द्या, मी थर देतो.’ नगाला ४५ ऐवजी ६५ रुपये ठरले. अट: उठून दिसणाऱ्या पृष्ठभागावर किमान दहा, आतल्या कोपऱ्यात किमान पाच. कोपऱ्यात विजेचा प्रवाह कमी पोचतो आणि कडांवर जास्त. त्यांनीच सुचवलं की ब्रॅकेटच्या आतला काटकोन दोन मिमी त्रिज्येने गोल करा. भाऊ उद्या ड्रॉइंग बदलतोय.

ग्राहकाने विचारलं होतं, षट्संयोजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) आहे का. चढलेला थर धातूरूप क्रोमियमचा असतो, त्यात ते नसतं. धोका असतो तो नीट न धुतल्यामुळे भेगांत आणि आट्यांत राहिलेल्या टाकीच्या द्रावणाचा, आणि त्याहून कितीतरी जास्त टाकीवर उभ्या असलेल्या माणसाला. या प्लेटिंगवाल्यांकडे त्रिसंयोजी क्रोमची टाकी आहे. रंग किंचित गडद येतो. आम्ही तीच निवडली. दोन रुपये जास्त गेले तरी ६५ मध्येच बसवतो म्हणाले.

९ ऑगस्ट

गोदामात ठेवलेल्या पितळी पाइपांपैकी काहींना लांबीच्या दिशेने बारीक भेगा. अजून प्लेटिंगलाही गेले नव्हते. ओढून काढलेल्या पाइपात ताण राहून जातो आणि दमट हवेत अमोनियाचा अंश मिळाला की पितळ तडकतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच फुटायची, तबेल्यांतल्या अमोनियामुळे. त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. आपल्या गोदामामागे गुरांचा गोठा आहे. बाथरूममध्येही अमोनिया असलेले क्लीनर वापरतात, तेव्हा हा दोष गिऱ्हाइकाच्या भिंतीवर जाऊनही उगवू शकतो.

पुढचे सगळे पाइप कापल्यावर भट्टीत तीनशे अंशांच्या किंचित खाली तासभर तापवून ताण काढायचा. नगाला चार रुपये. दरपत्रकात मशीनिंगमध्येच धरले.

२ सप्टेंबर

मिठाच्या फवाऱ्याचे निकाल. चाचणी आयएसओ ९२२७: पाच टक्के मिठाचं द्रावण, ३५ अंश तापमान, सतत धुकं. सॅनिटरी नळांच्या मुलाम्यासाठी युरोपात ईएन २४८ या मानकात २०० तास मागतात. आपण टॉवेल रॉडलाही तोच निकष लावला. जुना लॉट ७२ तासांच्या तपासणीतच कोपऱ्यांत हिरवट ठिपक्यांनी भरला होता. नवा लॉट २०० तासांनी स्वच्छ. प्लेटिंगवाल्यांना फोन केला, फार खूश झाले.

सोनेरी फिनिश पीव्हीडीने. निर्वात कक्षात झिर्कोनियम नायट्राइडचा थर बसवतात, अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर. रंग पितळेचा, कडकपणा क्रोमपेक्षा कितीतरी जास्त, ओरखडे सहजासहजी पडत नाहीत. पण इतका पातळ थर गंज अडवत नाही. खाली निकेल-क्रोम चांगलं असेल तरच तो टिकतो. ओल्या भिंतीवर रंग काढावा तशी नाहीतर गत होते. नगाला १८० रुपये वाढतात. लॅकर लावलेलं नकली सोनेरी त्याच्या चौथाईत होतं, आणि बाजारात दोन्ही एकाच नावाने विकली जातात. आपण फक्त पीव्हीडी देणार.

तिसरं फिनिश अँटिक. त्यासाठी डिचोलीला समया घडवणाऱ्या एका कांसार काकांकडे गेले होते. आमच्या नमुन्यावर कारखान्यातल्या पोराने गंधकाच्या द्रावणात काळा केलेला भाग यंत्राच्या बफने सरसकट उजळला होता. काकांनी तो हातात फिरवून पाहिला. ‘बाय, हात जिथं लागतो तिथंच उजळ. खोबणीत काळं राहू दे. यंत्राला ते कळत नाही.’ त्यांनी बारीक प्युमिसची पूड ओल्या फडक्यावर घेऊन हूकच्या टोकावर आणि कडेवर बोटाने चोळलं. पाच मिनिटांत नग वेगळाच दिसायला लागला. घरच्या समईला वर्षानुवर्षांच्या हाताळणीने जशी उजळ-काळी छटा येते, अगदी तशी. मला हे फिनिश मनापासून आवडलं. या चारही नगांत गोव्याची म्हणावी अशी हीच एक गोष्ट आहे. काकांच्या दोन पुतण्यांना हे काम द्यायचं ठरलं, दर नगावर ७० रुपये. त्यांनी मागितले होते ५५. हाताचं काम आहे, तासाला मोजकेच नग होतात. ५५ मध्ये चवथीनंतर ते दुसऱ्या कामाला गेले असते.

अँटिकवर बेन्झोट्रायाझोल (पितळ काळं पडू न देणारं रसायन) घातलेलं लॅकर. ऑगस्टमधल्या हवेत लॅकर फवारलं की दमटपणा धरून पांढरट होतं. म्हणून हा भाग ऑक्टोबरपासून, आणि नग आधी भट्टीत गरम करून.

५ सप्टेंबर

उद्यापासून कारखाना चवथीसाठी बंद. कामगार अर्ध्याहून जास्त सत्तरी-पेडण्याचे, पाच दिवसांच्या आत कुणी येणार नाही. वेळापत्रकात तसंच धरलंय.

१७ सप्टेंबर

दर. आज दिवसभर हेच.

टॉवेल रॉड, क्रोम. पाइप १९ मिमी व्यास, एक मिमी जाडी, वजन २९० ग्रॅम, किलोला ७०० रुपये धरून २०३. ब्रॅकेटसाठी कापलेला रॉड ३८० ग्रॅम, किलोला ६०० ने २२८. त्यातला १४० ग्रॅम चुरा परत जातो, ४०० ने ५६ रुपये वजा. धातू ३७५. मशीनिंग, जोडकाम आणि ताण काढणं मिळून ७०. पॉलिश ६०, प्लेटिंग ६५, स्क्रू आणि भिंतीत बसवायचे प्लग २२, पॅकिंग ३८. बेरीज ६३०. पाच टक्के नाकारलेला माल धरला की ६६२. त्यावर कारखान्याचा वरखर्च, अडकलेल्या भांडवलाचं व्याज आणि नफा मिळून २२ टक्के: ८०८. न्हावाशेव्यापर्यंतची वाहतूक, कस्टमचा एजंट, बंदराचा खर्च नगामागे २५. एफओबी ८३३ रुपये. युरो ९२ रुपयांनी धरला तर नऊ युरो पाच सेंट.

मागितलेले साडेपाच आणि आपले नऊ. भाऊ थोडा गप्प झाला. मी त्याला तोच तक्ता झमाक ब्रॅकेट आणि लोखंडी पाइप घालून करून दाखवला: साडेपाचच्या आसपासच येतो. त्यांचा दर खोटा नव्हता, वस्तू वेगळी होती. म्हणून दरपत्रकात दोन ओळी ठेवल्या. एकीत पितळ, दहा मायक्रॉन निकेल, २०० तास. दुसरीत तोच आकार झमाकमध्ये, मोठ्या ऑर्डरसाठी, डायचा खर्च वेगळा. ग्राहकाने काय घ्यायचं ते ठरवावं. पितळ सांगून झमाक आपल्याकडून जाणार नाही.

पॉलिशच्या ६० मध्ये कपात सुचवू नये. पॉलिशवाले काका एमरीच्या तीन पायऱ्यांनंतर सिसलचा बफ मारतात. एक पायरी गाळली की प्लेटिंगनंतर ओरखडे उलट जास्त दिसतात, आणि तो नग मग मुलामा काढून पुन्हा करावा लागतो.

समुद्रातली मालवाहतूक धरून दर द्यायचा नाही. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जातायत, भाडी महिन्या-महिन्याला बदलतात. मुरगाव जवळ असलं तरी तिथली कंटेनर सेवा मोजकी, म्हणून माल पाचशे किलोमीटरहून जास्त रस्त्याने न्हावाशेव्याला. निर्यातीवर जीएसटी शून्य, हमीपत्रावर माल जाईल; पण खरेदीवर भरलेला कर परत यायला वेळ लागतो, तो काळ वर व्याजात धरलाय.

३० सप्टेंबर

तांब्याने पुन्हा उचल खाल्ली. लंडनला २० मे रोजी टनाला अकरा हजार डॉलरच्या वर उच्चांक, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नऊ हजारांच्या खाली, आता परत दहा हजारांच्या आसपास. आपल्या नगावर परिणाम किती ते काढलं: टनाला हजार डॉलर वाढले तर पितळ किलोला ४९ रुपयांनी वाढतं, टॉवेल रॉडमध्ये निव्वळ पितळ ५३० ग्रॅम, म्हणजे २६ रुपये. मे ते ऑगस्टएवढा झोका आला तर ५० च्या वर. मोठ्या कारखान्यांना हे पचतं.

दरपत्रकात अट: दर तीस दिवसांसाठी, पायाभूत तांबं टनाला ९,५०० डॉलर, पाच टक्क्यांहून जास्त चढ-उतार झाला तर फक्त धातूचा भाग त्या प्रमाणात बदलेल, वर किंवा खाली. ‘खाली’ हा शब्द मी मुद्दाम घातला. उतरलं की आपणही कमी करायचं, तरच चढल्यावर मागायला तोंड राहतं.

८ ऑक्टोबर

पॅकिंग. गोव्यातली दमट हवा खोक्यात बंद करून थंड युरोपात पाठवली की आत पाणी सुटतं. नग आधी भट्टीजवळ कोरडे, मग कापडी पिशवी, मग खोका. कंटेनरात ओल शोषणाऱ्या पिशव्या. रबरबँड अजिबात नको, त्यातल्या गंधकाने अँटिक पितळेवर काळे पट्टे उठतात. लाकडी पॅलेटला आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा, म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवलेला.

२१ ऑक्टोबर

उत्तर आलं. क्रोम पितळेत मान्य, साडेआठ युरोवर, कारण त्याने संख्या वाढवली आणि हूक-होल्डरही त्याच खेपेत घेतले. संख्येमुळे पाइपचा दर आणि वाहतूक दोन्ही खाली येतात. तक्ता पुन्हा मांडून पाहिला, बसतं. निकेलची जाडी कमी न करता बसतं हे महत्त्वाचं. अँटिक हूक त्याला सगळ्यात जास्त आवडला, दर न घासता घेतला. डिचोलीला फोन केला. पुतणे दिवाळीनंतर लगेच सुरू करतील. पीव्हीडीचं सोनेरी त्याने पुढे ढकललं.

त्याने माल ताब्यात घेण्याआधी तिथल्या प्रयोगशाळेत जाडी मोजण्याची अट घातलीय. प्लेटिंगवाल्यांना तसं कळवलं. ते म्हणाले, मोजू देत.

नवी मागणी: समुद्रकाठच्या हॉटेलसाठी ३१६ स्टीलचा हूक. पाइप भाईंदरच्या व्यापाऱ्याकडून नमुन्याला मागवलाय. प्रत्येक लांबीवर मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब टाकून तपासणी झाल्याशिवाय लेथवर चढवायचा नाही, असं भावाने फलकावर लिहून ठेवलंय. खाऱ्या हवेत फरक बघायला किनाऱ्यावरच्या मोरजीला बहिणीच्या घराच्या ओसरीवर ३०४ आणि ३१६ चे, खरबरीत आणि आरसा-पॉलिश, असे चार तुकडे उद्या टांगायचे.